अकरा मिलिमीटर

अण्णा,

तुम्हांला जाऊन चाळीस वर्षं झाली. एवढ्या काळात तुमच्याशी बोलावंसं मला एकदाही वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर आजही वाटत नाही. पण गेल्या आठवड्यात तुमच्या संस्थेतून एक मुलगी घरी येऊन गेली आणि तेव्हापासून तुम्ही माझ्या डोक्यात जे ठाण मांडून बसला आहात, ते हलायला तयार नाहीत. जिवंतपणी कधी घरात एवढा वेळ बसला नाहीत. तर सांगायचं असं की तारनाक्याच्या बाजूला तुमची जी जुनी इमारत आहे, तिच्या तळमजल्यावर आता एक दालन करताहेत. तुमचा सूक्ष्मदर्शक, तुमच्या वह्या, मान खांद्याकडे झुकलेला तुमचा तो फोटो, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत तुमची गोष्ट. कोणती गोष्ट ते तुम्हांला काय सांगायचं? कुष्ठरोगाच्या प्रतिकारशक्तीची चाचणी या थोर माणसाने आधी पोटच्या मुलांवर करून पाहिली, आणि मुलीच्या हातावर अशी गाठ उठली की बघणारे थक्क झाले. ही गोष्ट तुम्ही भाषणांतून सांगायचात आणि लोक टाळ्या वाजवायचे. त्या भिंतीवर लावायला त्यांना माझ्या हाताचा फोटो हवा होता. मी 'या' म्हटलं. फोटोसाठी नव्हे. त्या हाताचं खरं काय ते मी पासष्ट वर्षं पोटात ठेवलंय, ते एकदा तिच्या त्या रेकॉर्डरवर ओकून टाकायचं आणि मगच तुमची गोष्ट भिंतीवर लागू द्यायची, असं ठरवून मी तिला बोलावलं होतं.

आता जे तिला सांगणार होते ते तुम्हांलाच सांगते. मी दहा वर्षांची होते. आपण गौलीगुड्याला राहायचो, खाली मालक आणि वर आपण. तुम्ही तेव्हा कुष्ठरोगाच्या मागे लागला होतात. लोक आपापल्या बायकापोरांच्या मागे लागतात, तुमची गोष्ट वेगळी. त्या काळी महारोग हा शब्द उच्चारला तरी शेजारच्या बायका पदर नाकाला लावायच्या, आणि तुम्हांला तर चाचणीसाठी धडधाकट माणसांचे हात हवे होते. कोण देणार? रोग्याच्या गाठीतले जंतू उकळून मारायचे, त्यांचं पाणी सुईने हाताच्या कातडीत टोचायचं आणि तीन आठवडे वाट पाहायची. तिथे कडक गाठ उठली तर समजायचं, या माणसाच्या अंगात रोगाशी झुंजायची ताकद आहे. काहीच उठलं नाही, तर त्याला रोग्यांपासून लांब ठेवायचं. जंतू मेलेले आहेत, त्यांनी काही होत नाही, असं तुम्ही सगळ्या गल्लीला घसा फोडून सांगितलंत आणि सगळ्या गल्लीने तुम्हांला चहा पाजून परत पाठवलं. मग तुम्हांला आठवलं की आपल्याला दोन मुलं आहेत. धैर्य वगैरे काही नव्हतं अण्णा. बाहेर मिळेना म्हणून घरात हात घातलात, एवढंच.

दादाला आणि मला एकाच सकाळी टोचलंत. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, तो ओरडला. मी ओरडले नाही, आणि ते तुमच्या लक्षात आलं नाही. माझा वाढदिवस तुम्हांला दर वर्षी आईने सांगावा लागायचा, पण टोचल्याला किती दिवस झाले हे तुम्ही झोपेतसुद्धा सांगितलं असतंत. रात्री जेवताना तुम्ही जाहीर केलंत की ज्याचा हात उठेल, त्याला दर रविवारी जीपमधून वसाहतीत न्यायचं. शहराबाहेर रोग्यांची ती वसाहत होती, तिथले नोकर रोग्यांना हात लावायला घाबरायचे. माझी मुलं इथे येऊन बसतात, असं तुम्हांला त्यांना दाखवायचं होतं. ज्याचा हात उठणार नाही, त्याने घरी बसायचं. आता तुम्हीच सांगा, आठवड्याचे सहा दिवस तुम्ही प्रयोगशाळेत आणि सातवा दिवस वसाहतीत. तुमच्याबरोबर असायचं तर त्या जीपखेरीज दुसरी जागा कुठली होती?

दुसऱ्या आठवड्यात दादाच्या हातावर वाटाण्याएवढी गाठ आली. माझा हात पाटीसारखा सपाट. चौदाव्या दिवशी तुम्ही सकाळी दोघांना बोलावलंत, दादाची गाठ चिमटीत धरून पाहिलीत, मग माझ्या हातावरून अंगठा फिरवलात आणि आईला म्हणालात, "हिचा काही उपयोग नाही." आणि पेपर उघडलात. हे वाक्य तुम्हांला आठवणार नाही याची मला खात्री आहे. तुम्ही हाताबद्दल बोलत होतात, हे मला आज कळतं. तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि हात मला चिकटलेला होता.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी धोबीण आली. मागच्या अंगणात ती कपडे मोजून घ्यायची आणि नव्या कपड्यांवर खूण घालायची. खूण घालायला तिच्याजवळ एका डबीत बिब्बे असत. सुईने बिब्बा टोचायचा, त्याचं काळं तेल सुईच्या टोकावर घ्यायचं आणि कॉलरच्या आत घराची खूण काढायची. आपल्या घराची खूण तीन उभ्या रेघा आणि एक टिंब. ती जन्मात धुतली जात नाही. तुमच्या पांढऱ्या कोटांवर तर ती असायचीच, सगळ्या कोटांवर. मी जवळ जाऊन बसले तेव्हा तिने माझा हात झटकला. "नक्को अम्मा, हात नक्को लगाव. चमड़ा जलता, फोड़े आते." मी विचारलं, किती मोठे फोडे? ती म्हणाली, "तेल जित्ता, फोड़ा उत्ता." एवढं ज्ञान मला पुरे होतं. ती साड्या मोजत असताना मी एक बिब्बा उचलला, न्हाणीघरात कडी लावून बसले आणि आईच्या पिनेने, तुम्ही जिथे टोचलं होतं बरोबर तिथे, तेल लावलं. एकदा लावलं. मग थोडं वाटलं म्हणून पुन्हा लावलं.

दुसऱ्या दिवशी खाज सुटली, तिसऱ्या दिवशी फोड आला, आणि तो फुटून तिथे ओली जखम झाली, भोवती काळसर कडं. आईने भाजी निवडता निवडता माझा हात पकडला. एकदाच पाहिलं. "बिब्बा कुठून आणलास?" मी रडायला लागले. म्हटलं, अण्णांना कळेल. आई हसली. माझ्या आठवणीत आई तुमच्यावर पहिल्यांदा हसली ती तेव्हा. "त्यांना? त्यांना नाही कळायचं गं. ते मोजतील आणि जातील." मग तिने खोबरं किसून त्याचं दूध भोवतीने लावलं, मधली जखम मात्र तशीच राहू दिली. तुम्हांला तुच्छ कसं लेखावं याचं बाळकडू मला त्या दिवशी मिळालं, आणि ते देणारी बाई तुम्हांला आयुष्यभर ताट वाढून पंख्याने वारा घालत होती.

एकविसावा दिवस. तुम्ही सज्जात उन्हाला खुर्ची घेऊन बसलात. कोठी भागातल्या दुकानातून आणलेली तुमची ती सरकती पोलादी पट्टी मखमलीच्या डबीतून काढलीत, तिला आम्ही बोट लावायची सोय नव्हती. दादाचे सात मिलिमीटर झाले. मग मी हात पुढे केला आणि तुम्ही खुर्चीत पुढे सरकलात. "अरे!" म्हणालात. तीनदा मोजलंत. "अकरा. आणि व्रण पडलाय! असं फार क्वचित होतं, फार क्वचित." खाली वाकून तुम्ही इतक्या जवळून पाहत होतात की तुमचा श्वास मला जखमेवर लागत होता. आणि मला काय दिसत होतं सांगू? तुमच्या कोटाची कॉलर. वाकल्यामुळे ती उलटी झाली होती आणि आतल्या तीन रेघा आणि टिंब माझ्या डोळ्यांसमोर होतं. तोच काळा तपकिरी रंग, तीच कड. तुमच्या मानेला रोज घासणारी गोष्ट वीतभर अंतरावर लेकीच्या हातावर होती आणि तुम्ही वहीत लिहीत होतात: तीव्र. निरक्षर धोबिणीने लांबून ओळखलं असतं. स्वयंपाकघरातल्या आईने ओळखलं होतं. परदेशी मासिकं मागवून वाचणाऱ्या माणसाला ओळखता आलं नाही.

मी पुढे कातडीचीच डॉक्टर झाले. कोठीला एका जिन्याखालच्या दवाखान्यात पस्तीस वर्षं बसले. पायात काटा मोडला म्हणून बिब्बा लावलेले, कंबर दुखते म्हणून लावलेले, सासूने लावलेले, असे शेकडो हातपाय पाहिले. माझ्याकडे शिकायला आलेली पोरं अर्ध्या मिनिटात सांगायची, मॅडम, बिब्बा उतलाय. प्रत्येक वेळी मला तुमची आठवण यायची आणि मी मनात म्हणायची, या पोराला ठेवायला हवं होतं तुमच्या जागी. गाठ आणि फोड यांतला फरक न कळणाऱ्या माणसाने कातडीवर निबंध वाचले. तुमच्या त्या निबंधात माझा हात आहे. नाव नाही, फक्त वय, मुलगी, निरोगी, अकरा मिलिमीटर. बाकीचे आकडे खरे असतील, मी त्यांच्याबद्दल बोलत नाही. पण तुम्ही मिरवलंत ते नेमकं खोट्याच आकड्याला.

आणि मी फसवलं म्हणून मला मजा वाटत होती असं समजू नका. वसाहतीतला पहिला रविवार मला आठवतो. चिंचेच्या झाडाखाली रोगी रांगेत बसलेले, दोन नोकर लांब उभे. तुम्ही मला एका म्हातारीच्या शेजारी सतरंजीवर बसवलंत आणि नोकरांना म्हणालात, "बघा. हिला काही होत नाही. हिच्या हातावर अकरा मिलिमीटरची रिअॅक्शन आहे." म्हातारीच्या बोटांची पेरं झडलेली होती. तिने दोन तळव्यांत धरून एक सीताफळ फोडलं आणि अर्धं माझ्यापुढे केलं. "खाव बेटी, मीठा है." अण्णा, तिथे बसलेल्यांत एकट्या मलाच ठाऊक होतं की माझ्या अंगात ती ताकद नाही. माझा हात सपाट होता. तुमच्याच नियमाने मला तिथे यायची बंदी होती. मी ते सीताफळ खाल्लं, बिया मुठीत धरून ठेवल्या आणि तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही लिहीत होतात. दादाला जीप लागायची, दोन रविवारी ओकून त्याने यायचं सोडलं. मी चार वर्षं आले.

त्या चार वर्षांत आणि पुढेही कितीतरी वर्षं मी काय केलं, ते तुमच्या कुठल्या वहीत नाही. रविवारी परतल्यावर मी आईच्या देवघरातली एक फुलवात घ्यायची, दार लावायची आणि डोळे मिटून ती कोपरावर, गुडघ्यावर, गालावर फिरवून बघायची. कळतंय का. बधिर झालंय का कुठे. तुम्ही रोग्यांचं असंच तपासायचात, ते पाहून शिकले होते. हा रोग वर्षानुवर्षं अंगात दबा धरून बसतो, हेही तुमच्याच तोंडून ऐकलेलं. दहा वर्षांची, अकरा वर्षांची, बारा वर्षांची मी, दर रविवारी स्वतःच्या अंगावर रोग शोधत बसायची. प्रतिकारशक्तीवर बोलायला तुम्हांला दिल्ली-मद्रासहून बोलावणी यायची आणि घरातलं पोर भीतीने अर्धं झालेलं तुम्हांला दिसत नव्हतं.

एकदा तुम्ही मला पकडलंत. दार नीट लागलं नव्हतं. मी डोळे मिटून कोपराशी वात धरून बसलेली, आणि डोळे उघडले तर तुम्ही समोर. मला वाटलं, झालं, आता हे विचारणार, आणि मी सगळं सांगून टाकणार. खरंच सांगणार होते. तुम्ही म्हणालात, "कशाला हे? तू तर पॉझिटिव्ह आहेस." मी वात मुठीत आवळली. मग तुम्ही चिडलात. "भित्र्या माणसाने या वाटेला येऊ नये," म्हणालात. आणि जायला वळून पुन्हा परत आलात, माझ्या हातातली वात घेतलीत आणि म्हणालात, "आणि चूक करते आहेस. ओढायची नाही. ओढली की केस हलतात, मग कळल्यासारखं वाटतं. नुसती टेकवायची. अशी." माझ्या कोपरावर तुम्ही वात टेकवलीत. "कळलं?" मी म्हटलं, कळलं. "मग झालं तर," म्हणालात आणि निघून गेलात. मुलगी का घाबरली आहे, हे विचारायचं सोडून तुम्ही तिला घाबरायची बिनचूक पद्धत शिकवलीत. एवढा कोडगेपणा मी पुन्हा कुठे पाहिला नाही. ती पद्धत मी नंतर माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना शिकवली, तुमचं नाव न घेता.

मोठी झाल्यावर सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही ते दयेपोटी नव्हे. मला अशी वेळ हवी होती की तुम्हांला ते नेमकं लागेल. तुमच्या सत्काराच्या दिवशी, किंवा तुम्ही माझ्या निदानाला नाक मुरडाल त्या दिवशी. लग्न ठरवायच्या वेळी पाहुण्यांनी हातावरच्या डागाबद्दल विचारलं आणि तुम्ही खुर्चीत पुढे सरकून त्यांना महारोगाची सगळी कथा ऐकवलीत, बशीतले पोहे तसेच टाकून ते लोक उठले, तेव्हा अगदी ओठांवर आलं होतं. तेव्हाही म्हटलं, थांब, अजून चांगली वेळ येईल. शेवटी दवाखान्यात तुमच्या उशाशी बसले होते. तुम्ही माझा हात धरलात, अंगठ्याने तो व्रण चाचपलात आणि नर्सला म्हणालात, "अकरा मिलिमीटर." नर्सला वाटलं तुम्हांला भ्रम झालाय. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही नव्हतात. हवे तेव्हा घरात नसायचं, ही तुमची जुनीच खोड.

तर ती मुलगी आली. पंचविशीची असेल, तेलुगू घरातली, चुणचुणीत. तुमच्या वह्यांची पानं तिने फोनमध्ये भरून आणली होती आणि तुमच्याबद्दल ती 'सर' म्हणून इतक्या आदराने बोलत होती की मला तिची कीव आली. मी चहा केला, खुर्चीत नीट बसले, आठवडाभर जुळवलेली वाक्यं मनात एकदा म्हणून घेतली. ती म्हणाली, आधी फोटो काढू. मी बाही वर केली. तिने हात खिडकीकडे वळवला, जवळ वाकली, आणि वाकलेली तशीच राहिली. मग जरा चाचरत म्हणाली, "मॅडम, बुरा मत मानना. ये जीडी का निशान तो नहीं है ना? हमारी अम्मम्मा के पाँव पे सेम टु सेम ऐसाच था." जीडी म्हणजे बिब्बा, अण्णा, तेलुगूत. आईनंतर पासष्ट वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्या हाताकडे पाहिलं होतं. तिला अर्धं मिनिटही लागलं नाही. रेकॉर्डर टेबलावर चालूच होता. मला फक्त हौ म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "नहीं बेटा. ये टेस्ट का है. ग्यारह मिलिमीटर." ती म्हणाली, "ऐसा? मुझे लगा..." मी तिला पुढे बोलू दिलं नाही. इतक्या जोरात बोलले की माझं मलाच नवल वाटलं. म्हटलं, माझ्या वडिलांनी तीनदा मोजलं होतं, आणि ते मोजण्यात चुकणारे नव्हते. ती बिचारी ओशाळली, सॉरी सॉरी म्हणाली, फोटो काढला, चहा संपवला. जाताना तिने विचारलं, सरांची ती मोजायची पट्टी कुठे असेल का, दालनात ठेवायला? मी म्हटलं, सापडत नाही. ती माझ्या टेबलाच्या खणात आहे.

हे मी तुमची अब्रू राखायला केलं असा समज करून घेऊ नका. तुमच्याबद्दलचं माझं मत तसूभरही बदललेलं नाही. मोजणं यायचं तुम्हांला, बघणं येत नव्हतं. पण तुम्हांला हसायचा हक्क आईचा होता, तिच्यानंतर माझा आहे. कालपरवा आलेल्या पोरीला तो मी का द्यावा? तुमची गोष्ट आता भिंतीवर लागेल, खाली माझा हात लागेल, शाळेची पोरं रांगेने येऊन बघतील. त्यांच्यातल्या एखाद्या पोरीची आजी गावाकडची असेल तर ती ओळखेलही. त्याला मी काय करणार?

हे पत्र तुमच्या पट्टीच्या डबीत घडी करून ठेवते आहे. मखमल पार विटली आहे. एकच राहिलं, ते तिला सांगणार नव्हते आणि तुम्हांलाही सांगायचं मनात नव्हतं. त्या पहिल्या रविवारी दादाला मागे बसवून तुम्ही मला जीपमध्ये पुढे, तुमच्या शेजारी बसवलंत. खड्डे आले की माझा हात तुमच्या कोटाला लागायचा आणि कळ डोक्यात जायची. मी हात बाजूला घेतला नाही. एवढी सुखात मी पुढे कधीच नव्हते.